बोटं कोरडी ठेवा

मांडवी, रत्नागिरी
१२ मार्च २०२५

राही,

माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण वाच. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बंद करून ठेवले आहेस. टपालखात्याला असं बंद करणं अजून कोणाला जमलेलं नाही, म्हणून तुझ्या बेंगळुरूच्या ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवते आहे.

कामाचं आधी. आंबा सुरू झाला. फारुकच्या हातखंब्याच्या पॅकहाऊसमध्ये तुझा हात एक तारखेपासून चालू आहे. पट्ट्यावरून आंबा येतो, तीन बोटं वरून उतरतात, आत हवा भरली की वाकतात, आंबा उचलतात आणि क्रेटमध्ये नीट ठेवतात. मिनिटाला अठरा. फारुक माझा धाकटा भाऊ असला तरी त्याला यंत्रातलं काही कळत नाही. अठरा हा आकडा मात्र कळतो. तो खूश आहे.

आता तक्रार. दहाव्या दिवशी बोटं सुजली. हवा बंद असतानाही जाड, बुळबुळीत, मधल्या बोटाला तर टोकाशी पोट आल्यासारखं. कारण सापडलं तेव्हा मला माझी लाज वाटली आणि तुझी जास्त. चीक. झाडावरून नुकता उतरवलेला आंबा देठाशी चीक सोडतो आणि तो सिलिकॉनमध्ये मुरतो. तू प्रयोगशाळेत दीड वर्ष चाचण्या घेतल्यास त्या सगळ्या बाजारातून आणलेल्या, धुतलेल्या आंब्यांवर. पालीजवळच्या वाडीत वाढलेली मुलगी, आणि चीक विसरली!

उपाय मी केला. तुझे साचे माझ्याकडेच आहेत. नवी बोटं ओतली आणि त्यांना खोबरेल लावायला सुरुवात केली. चीक भाजू नये म्हणून बायका स्वतःच्या हाताला लावतात तेच. तेलावर चीक बसत नाही, फडक्यानं पुसून निघतो. हे काम तुझ्या आईकडे दिलं आहे. दुसऱ्या कोणाला ती करू देत नाही. "पोरीच्या हाताला त्याल लावायचं काम माझं नाय तर कोणाचं वो बाई?" म्हणते. दोन मोसम तू तिच्या हातात तो तारांचा मोजा चढवून तिची पकड मोजत होतीस, तेव्हा हीच गंगा सगळ्यांना सांगायची, "माझा हात चोरते गो ही." आता आलेल्या-गेलेल्याला दाखवते, "हा माझाच हात. पोरीनं केलान."

प्रतवारीवरच्या तेजस्वीनं त्याचं नाव सूनबाई ठेवलं आहे. "काकी, सून बरी गावली तुमाला. हात मऊ, आणि तोंड नाय."

जानेवारीत तू चार माणसांसमोर मला म्हणालीस, "मॅडम, बोटं मऊ आहेत, त्यांच्या मागचा हात मऊ नाही." तो पोलादी आहे हे मला सांगण्याची गरज नव्हती. मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून तो जुना हात मीच पसंत करून आणला. तू त्याच्याभोवती मागत होतीस त्या कुंपणाला चार फूट जागा जाते आणि मोसमात पॅकहाऊसमध्ये चार फूट जागा कोणाकडेच नसते. फारुक जे बोलला ("उशीला कधी कुंपण घालतात काय, आपा?") ते उद्धट होतं, पण चूक नव्हतं. तुला पटलं नाही, तू निघून गेलीस. तीन वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलेल्या आणि दोन वर्षं या हातावर माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या मुलीनं निरोप न घेता जावं, याची मला सवय नाही.

एक प्रश्न. तुझ्या सूचनापत्रात सातवं कलम आहे: "बोटं कोरडी ठेवा." कारण दिलेलं नाही. कारण नसलेली सूचना मी विद्यार्थ्यांनाही लिहू देत नसे. कळव.

सुरय्या साखरकर


मांडवी
२३ मार्च २०२५

राही,

तुझं उत्तर आलं. पोस्टकार्डावर दोन ओळी: "तेलानं आंबा निसटतो, आणि निसटला की हात दाब वाढवतो. कुंपण घातलं का?" वर नमस्कार नाही, खाली सही नाही.

निसटलं की घट्ट धरायचं, हे तुझंच डोकं. बोटांच्या टोकाला निसटणं कळतं, कळलं की हवा थोडी वाढते, तरीही निसटलं तर आणखी थोडी. माणूस हेच करतो. म्हणून तर हा हात अंडं, पेरू, आंबा, सगळं उचलतो. आणि म्हणूनच तू साठ किलोपास्कलची मर्यादा घातलीस. काटा साठला टेकला की हात थांबतो. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात हात थांबला की पट्टा थांबतो, आणि पुन्हा सगळं चालू व्हायला बारा मिनिटं लागतात. परवा दिवसभरात नऊ वेळा थांबला. बाहेर टेम्पो उभे, आत बायका हात बांधून बसलेल्या, फारुक मोबाइल कानाला लावून येरझारा घालतोय. रोज्याचे दिवस, घशाला कोरड, आणि वर त्याची बडबड.

तेव्हा मी किरकोळ फेरफार केला. किती ते वहीत लिहिलं आहे. माझ्या वहीत खोडाखोड नसते हे तुला सांगायला नको. चूक झाली तर एक रेघ, शेजारी सही, तारीख.

फेरफार करताना एक गोष्ट खटकली. व्हॉल्वच्या स्क्रूवर तू लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतंस. कारखान्यात कोणी स्क्रू हलवला तर कळावं म्हणून लावतात, ठाऊक आहे. पण त्या स्क्रूला हात लावणारी माझ्याशिवाय दुसरी कोण होती? सील माझ्यासाठी होतं. खरवडून काढताना राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

तुला आठवतं का, प्रयोगशाळेत पाहुणे आले की तू काय करायचीस ते? आंब्याच्या जागी स्वतःचं मनगट द्यायचीस. बोटं अलगद धरायची, तू त्यांच्याबरोबर चार पावलं चालत जायचीस, क्रेटपाशी ती आपोआप सोडायची. प्रयोगशाळेतला रितेश मागून ओरडायचा, "अक्षता आणा रे कोणीतरी!" सगळे हसायचे. तू मला म्हणाली होतीस, "मॅडम, ओढलं नाही तर तो काही करत नाही. ओढलं, तरच त्याला वाटतं की काहीतरी पडतंय." मीच तुम्हाला शिकवलं होतं की जे स्वतःच्या हातावर करणार नाही ते दुसऱ्याला करायला सांगायचं नाही. तू ते अक्षरशः घेतलंस. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

काल एक गंमत झाली. तुझ्या आईच्या हातातलं तेलाचं फडकं बोटांनी धरलं. तिनं ओढलं, सुटेना. तिनं सोडून दिलं. हात फडकं घेऊन गेला आणि क्रेटमध्ये दोन आंब्यांच्या मधल्या रिकाम्या खळग्यात व्यवस्थित दाबून बसवून आला. बायका हसून हसून लोळल्या. गंगा म्हणाली, "बगा, किती टापटीप! माझ्यावर गेलीय."

मीही हसले. नंतर ते फडकं काढायला गेले तर खालचे दोन आंबे फुटलेले होते.

कुंपणाचं मोसम संपला की बघू.

सुरय्या साखरकर


मांडवी
३ एप्रिल २०२५

राही,

ईद सोमवारी झाली. तुझी आई दरवर्षीप्रमाणे आली, शिरखुर्म्याचा डबा घेऊन गेली. तिच्या हातात आता बांगड्या नाहीत. कामात अडचण होते म्हणून काढल्या, म्हणाली. तुला फोनवर काही वेगळं सांगितलं असेल तर ते खरं धरू नकोस.

दुबईहून फारुकच्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. पहिल्या खेपेतला आंबा वरून सोन्यासारखा, कापला की आत तपकिरी. तुला वाटेल साका. उन्हानं गर बिघडतो तो साका मला ओळखता येतो. हा साका नाही. तीन बाजूंना तीन डाग, सारख्या अंतरावर. दाबाचं असंच असतं. पडला तेव्हा दिसत नाही, चार दिवसांनी आत सापडतो.

तू आता विचारशील, मर्यादा किती केली आहे. ऐंशी. बावीस मार्चपासून ऐंशी. वहीत आहे. फारुकला सांगितलं की साठवर आणून तेल बंद करू, बोटं दर आठवड्याला नवी ओतू. तो म्हणाला, "आपा, आठवड्याला एक दिवस बंद? त्यापेक्षा पट्टाच विकतो." मग म्हणाला, "दुबईवाल्याला मी बघतो. तुम्ही मिनिटाला बावीस द्या."

बावीस देण्यासाठी एक करावं लागलं. पूर्वी तेल लावायला हात थांबवत होतो. आता चालू असतानाच लावतात. एक आंबा ठेवून हात परत येतो तेव्हा मध्ये दीड सेकंद असतो, तेवढ्यात गंगा एका बोटावरून तेलाचा हात फिरवते. फार सफाईनं करते. पट्ट्याकडे बघतसुद्धा नाही, तेजस्वीशी गप्पा मारत असते. गेल्या महिन्यात ती बोटांना तेल लावायची. आता मला कधी कधी उलटं वाटतं, की बोटंच तिच्या तालावर येतात.

बांगड्यांचं वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. तिनं काढल्या नाहीत. मंगळवारी बोटांनी तिचं मनगट धरलं, क्षणभरच, आणि सोडलं. पाच बांगड्या गेल्या. ओरखडासुद्धा नाही. मी धावले, तर ती काचा गोळा करत होती. "वाढवल्या वो बाई बांगड्या, काय नाय झालं. नवरा ममईत खणखणीत हाय." महिपतरावांना फोन करून विचारून घेतलं म्हणे, तब्येत बरी आहे ना.

मी तिला सांगितलं, राहीला सांगू नकोस, ती उगीच काळजी करेल. हे मी तिला सांगितलं, हे तुला सांगते आहे. हिशेब तुझा तू लाव.

सुरय्या साखरकर


मांडवी
१५ एप्रिल २०२५

राही,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "आईला त्या पट्ट्यावरून उठवा." आज्ञा!

तिला उठवायला गेले होते. सोमवारी सकाळी म्हटलं, गंगा, तू उद्यापासून खोकी चिकटवायला बस, तेल तेजस्वी लावेल. ती एवढी रागावली की मला नाव घेऊन बोलली. "सुरय्याबाई, माझ्या पोरीचा हात आनि त्याल ती तेजस्वी लावणार? तिला काय समजतं त्यातलं? तुमी मना काडा, मग ती सूनबाय चालते काय बगा." खरंच, दुपारी तासभर तेजस्वीनं लावलं तर हात चार वेळा थांबला. तारांच्या मोज्यातून तू नोंदलेल्या नऊ हजार पकडी गंगाच्या. तिच्या हाताची गती त्याच्या गतीत मुरलेली आहे. दुसरा कोणी मध्ये आला की घोटाळा होतो. म्हणून तिला परत बसवलं. निर्णय माझा होता.

ऊन फार चढलं आहे. पत्र्याखाली दुपारी अडतीस, चाळीस. गरमीनं तेल पातळ होतं, आंबा जास्त निसटतो. ऐंशीला पुन्हा थांबू लागला. काल एकशे दहा केलं.

लिहून टाकलं. एकशे दहा.

तुझ्या यंत्राच्या नकाशावर साठच्या पुढे एक लाल रेघ आहे आणि पलीकडे काही लिहिलेलं नाही. मी शंभर मुलांना शिकवलं की नकाशात मोकळी जागा दिसली तर समजावं, तिथे कोणी जाऊन आलेलं नाही. आता मी तिथे उभी आहे. दृश्य अगदी साधं आहे. हात चालतो, मिनिटाला बावीस. फक्त बोटं मिटताना पूर्वी आवाज नव्हता. आता बारीक फुसकारा येतो, झोपेत कोणी श्वास रोखून सोडावा तसा. बायकांनी पट्ट्यावर गाणी म्हणणं बंद केलं आहे. मी कारण विचारलं तर तेजस्वी म्हणाली, "ऐकू येयाला होवा ना, मॅडम."

थांबवायचं बटण पश्चिमेच्या भिंतीवर आहे. पुढे क्रेटची चळत लागली आहे. ते हाताशेजारी आणायला आणि कुंपणाला मी फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं आहे. तो येईल.

मी रोज दहा ते एक तिथेच उभी असते, पाच हातांवर. नजर हलवत नाही. तेवढं तू माझ्यावर सोड.

सुरय्या साखरकर


मांडवी
शनिवार, २६ एप्रिल २०२५

राही,

घाईत आहे. उद्या रविवार. तुझ्या आईचा फोन लागला नाही तर काळजी करू नकोस. फोन बिघडला आहे, दुरुस्तीला दिला आहे. ती दोन दिवस बहिणीकडे गेली आहे. काम बरं चाललं आहे.

एक किरकोळ प्रश्न. व्हॉल्वच्या स्क्रूवर तू जे लाल नेलपॉलिश लावलं होतंस, त्याची कंपनी आणि छटा कोणती? बाटलीवर नंबर असतो. उलट टपाली कळव.

सु. सा.


मांडवी
शुक्रवार, २ मे २०२५

राही,

गेल्या पत्रात प्रश्न तेवढा खरा होता. बाकी सगळं खोटं. १५ तारखेच्या पत्रातली फॅब्रिकेशनवाल्याची ओळही खोटी होती. मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

आता नोंद देते, क्रमानं.

शुक्रवार, २५ एप्रिल. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मर्यादा एकशे दहा. बोटांना तेल. कुंपण नाही. पट्टा चालू. तुझी आई मधल्या बोटाला तेल लावत होती. पट्ट्यावर एक आंबा आडवा होऊन अडकला, पुढची जागा रिकामी आली, आणि हातानं आंब्याऐवजी तिचं मनगट धरलं. त्या क्षणी दाब तीस होता. यंत्राच्या पडद्यावर राहिलेले आकडे मी नंतर पाहिले. तीस म्हणजे लहान मूल बोट धरतं तेवढा. तिनं हात मागे घेतला. तेलाचा हात, सरकला. यंत्रानं जे समजायचं ते समजलं. पन्नास. ती ओढत राहिली. ऐंशी. तोवर मागचा पोलादी हात नेहमीच्या वाटेनं क्रेटकडे निघाला होता आणि ती पट्ट्याच्या लोखंडी कडेवर आडवी पडली होती. एकशे दहाला काटा टेकला तेव्हा तो थांबला. मनगटाची दोन्ही हाडं त्याआधीच मोडली होती. आणि तो थांबला तो धरून थांबला. बटणापाशी पोहोचायला स्वरूपला, आमच्या इलेक्ट्रिशियनला, क्रेटची चळत हलवावी लागली. साडेसहा मिनिटं.

साठला थांबला असता तर मनगटावर वळ उठला असता, एवढंच. हे मी लिहून देते.

तिनं आरडाओरडा केला नाही. त्या बोटांना सांगत होती, "सोड गो बाय. सोड. मी हाय ना." पट्टा बंद झाल्यावर पत्र्याखाली तेवढाच आवाज होता.

ती रुग्णालयात आहे. शस्त्रक्रिया झाली. अंगठा आणि दोन बोटं मिटत नाहीत. शीर दुखावली आहे, सहा महिन्यांनी कळेल म्हणतात. काल तिच्यापाशी बसले होते. म्हणाली, "पोरीला सांगू नका बाई. तिला वाटंल तिच्याच हातानं केलान." मग म्हणाली, "हात चांगलाच झालाय वो तिचा. सोडायचं तेवढं त्याला समजलं नाय." महिपतराव मुंबईहून आले आहेत. ते माझ्याशी बोलत नाहीत, ते बरोबर आहे.

शुक्रवारी संध्याकाळी फारुक माझ्याकडे आला. "आपा, नकाशावर सही त्या पोरीची आहे. मर्यादा तिनं ठरवली. आपण ती कधी हलवलीच नाही. समजलं ना? चौकशी होईल. साठवर आणून ठेवा."

मी आणली. शनिवारी सकाळी पाना घेऊन गेले, स्क्रू मागे फिरवला, काटा साठवर आणला. मग फारुकच्या मुलीकडून, महरीनकडून, नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. बासष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा ती बाटली उघडली. काडी कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं, महरीन हसली. रंग जुळला नाही. तुझा विटकरी होता, हा गुलाबीकडे झुकणारा. म्हणून तुला छटा विचारली. मी तुझ्याच हातून तुझ्या गळ्याभोवतीची गाठ नीट करून घेणार होते, आणि खाली 'उलट टपाली' असं लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस. उशिरा का होईना, त्यामुळे मी थांबले.

सोमवारी, पाच तारखेला, कारखाने निरीक्षक येणार आहेत. त्यांना स्क्रू सीलबंद दिसेल, काटा साठवर दिसेल, नकाशावर तुझी सही दिसेल. मऊ बोटांनी साठ किलोपास्कलला बाईचा हात मोडला, असा त्याचा अर्थ होईल. तुझ्या नावापुढे तो कायमचा राहील. तुला पुन्हा कोणी असा हात करू देणार नाही.

म्हणून माझी वही या पाकिटात तुझ्याकडे पाठवते आहे. मूळ वही. इथे राहिली तर राहणार नाही. बावीस मार्च: ऐंशी, कारण, सही. चौदा एप्रिल: एकशे दहा, कारण, सही. सव्वीस एप्रिल: साठ, आणि कारणाच्या रकान्यात मी लिहिलं आहे, 'फारुकच्या सांगण्यावरून, राहीवर दोष जावा म्हणून.' त्यावर रेघ मारलेली नाही. निरीक्षकांसाठी झेरॉक्स माझ्याजवळ आहे.

पण वही म्हणजे कागद. फारुक म्हणेल, म्हातारी आहे, घटना झाल्यावर बसून लिहिलं. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे त्यानं रविवारीच पुसून घेतले. प्रयोग सांगून पटत नाही, करून दाखवावा लागतो. तीस वर्षं मी हेच म्हणत आले.

सोमवारी निरीक्षकांसमोर आधी साठवर, कोरड्या बोटांनी. मनगट देईन, ओढेन. तो थांबेल, मला काही होणार नाही. तुझी रचना तेवढ्यानं सिद्ध होते. मग स्क्रू फिरवून एकशे दहा, बोटांना तेल, आणि पुन्हा ओढेन.

स्वरूप म्हणाला, "मॅडम, आपण केळीचा खुंट वापरू ना."

आता ते एक उरलं, जे वहीत नाही.

मी पाच हातांवर उभी होते, लिहिलं होतं तशी. नजर हलवली नव्हती. बोटांनी तिला धरलं तेव्हा दाब तीस होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, काय करू म्हणून. घाबरली नव्हती, नुसतं विचारत होती. मला ठाऊक होतं. ओढू नकोस, चालत जा त्याच्याबरोबर, चार पावलं, तो सोडेल. तू मला पंचवीस वेळा करून दाखवलं होतंस. एवढे आठ-नऊ शब्द तोंडातून काढायचे होते. मी ओरडले, "ओढ, गंगा! ओढ!"

तिनं माझं ऐकलं. वीस वर्षं ऐकत आली आहे.

केळीच्या खुंटाला मी ओढ म्हणून सांगितलं नव्हतं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सोमवार उलटून गेलेला असेल, ते हिशेब करूनच टाकते आहे. तू आईपाशी ये. माझ्याकडे येण्याची गरज नाही. साचे माझ्या कपाटात खालच्या खणात आहेत, किल्ली महरीनकडे ठेवली आहे. ते तुझे आहेत, घेऊन जा. पुढची बोटं ओतशील तेव्हा आधी चिकाचं बघ.

थांबवायचं बटण आता हाताच्या शेजारी आणून बसवलं आहे. दीड तासाचं काम होतं. सोमवारी स्वरूप तिथे उभा राहील. साठला त्याला काही करायचं नाही. एकशे दहाच्या वेळी कोणत्या आकड्याला दाबायचं, हे त्यानं मला तीन वेळा विचारलं. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सुरय्या साखरकर